औष्णिक दुर्बीण (संवेदकाची वैशिष्ट्ये)

औष्णिक दुर्बीण हे पदार्थांनी स्वतःहून उत्सर्जित केलेल्या अवरक्त प्रारणाचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारे उपकरण आहे. व्यवहारात तिला थर्मल स्कोप किंवा थर्मल कॅमेरा असेही म्हणतात. तिला चंद्रप्रकाश, तारकाप्रकाश किंवा अन्य कोणत्याही बाह्य प्रकाशाची आवश्यकता नसते. या बाबतीत ती उपलब्ध अंधुक प्रकाशाचे वर्धन करणाऱ्या रात्रदर्शक दुर्बिणीहून मूलतः वेगळी आहे. औष्णिक दुर्बिणीचा मुख्य घटक म्हणजे तिच्यातील संवेदक. पिक्सेलसंख्या, पिक्सेल-अंतर, तापमान-संवेदनशीलता आणि फ्रेम रेट ही संवेदकाची प्रमुख वैशिष्ट्ये उपकरणाच्या माहितीपत्रकात नोंदवलेली असतात. ही मापे परस्परांवर आणि समोरच्या भिंगावर अवलंबून असल्यामुळे त्यांपैकी एकट्या मापावरून उपकरणाची योग्यता ठरवता येत नाही. विशेषतः दूरची उष्ण वस्तू केवळ दिसणे आणि ती वस्तू कोणती आहे हे ओळखता येणे, यांतील अंतर फार मोठे असते. वन्यजीव निरीक्षण, शोध व बचावकार्य, सीमासुरक्षा आणि काही देशांत वैध असलेली शिकार या सर्व क्षेत्रांत सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## भौतिक आधार

निरपेक्ष शून्याहून अधिक तापमान असलेला प्रत्येक पदार्थ विद्युतचुंबकीय प्रारण उत्सर्जित करतो. स्टेफान-बोल्ट्झमान नियमानुसार आदर्श कृष्ण पदार्थाच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० केल्विन, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाचा कृष्ण पदार्थ दर चौरस मीटरमागे सुमारे ४५९ वॅट इतके प्रारण उत्सर्जित करतो. या तापमानाजवळ एका अंशाच्या फरकाने एकूण उत्सर्जन सुमारे १.३ टक्क्यांनी बदलते. औष्णिक प्रतिमा अशा अल्प फरकांवरच उभी असते.

उत्सर्जन कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक असेल हे वीनच्या विस्थापन नियमाने कळते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असल्यामुळे त्याच्या प्रारणाचे शिखर ०.५ मायक्रोमीटरजवळ, म्हणजे दृश्य प्रकाशात येते. ३०० केल्विन तापमानाच्या पदार्थाचे शिखर मात्र सुमारे ९.७ मायक्रोमीटरला येते. मानवी त्वचा, प्राण्यांचे शरीर, झाडे, दगड आणि माती यांचे प्रारण याच पट्ट्यात मोडते.

पृथ्वीचे वातावरण सर्व अवरक्त तरंगलांबींना पारदर्शक नाही. बाष्प व कार्बन डायऑक्साइड हे वायू त्यांतील बराच भाग शोषून घेतात. ३ ते ५ मायक्रोमीटर आणि ८ ते १४ मायक्रोमीटर या दोन पट्ट्यांत मात्र वातावरण तुलनेने पारदर्शक असते. या पट्ट्यांना वातावरणीय खिडक्या म्हणतात. सर्वसाधारण वापराच्या औष्णिक दुर्बिणी दुसऱ्या खिडकीत काम करतात.

पदार्थाचे उत्सर्जन त्याच्या तापमानाबरोबरच त्याच्या उत्सर्जनक्षमतेवरही अवलंबून असते. मानवी त्वचेची उत्सर्जनक्षमता सुमारे ०.९८, म्हणजे आदर्श कृष्ण पदार्थाच्या जवळपास असते. चकचकीत धातूची उत्सर्जनक्षमता अत्यंत कमी असल्याने तो स्वतःच्या तापमानापेक्षा आसपासच्या वस्तूंचे व आकाशाचे परावर्तित प्रारण अधिक दाखवतो. त्यामुळे औष्णिक प्रतिमेतील उजळपणा म्हणजे थेट तापमान, असे समजणे योग्य नाही.

## इतिहास

इ.स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकाने विभागलेल्या सूर्यप्रकाशात तापमापक ठेवून पाहिले. तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही तापमान वाढत असल्याचे त्यांना आढळले. हाच अवरक्त प्रारणाचा शोध होय. पुढे १८८० च्या सुमारास अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांनी बोलोमीटर हे उपकरण तयार केले. प्रारणाने धातूची पातळ पट्टी तापली की तिचा विद्युत रोध बदलतो आणि तो बदल मोजून प्रारणाची तीव्रता ठरवता येते, हे त्याचे तत्त्व होते. आजच्या बहुसंख्य औष्णिक दुर्बिणींतील संवेदक याच तत्त्वावर चालतात.

१९५९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी पारा, कॅडमियम व टेल्युरियम यांच्या संयुगाचा अवरक्त अभिज्ञातक म्हणून उपयोग होऊ शकतो हे प्रसिद्ध केले. या पदार्थावर आधारलेले अभिज्ञातक अतिशय संवेदनशील असले, तरी चांगल्या कामगिरीसाठी ते अतिशीत तापमानात ठेवावे लागत. त्यामुळे उपकरणे जड, महाग आणि मुख्यतः लष्करी वापरापुरती मर्यादित राहिली. १९६० च्या दशकात स्वीडनमधील आगा या कंपनीने वीजवाहिन्यांची तपासणी व तत्सम नागरी कामांसाठी औष्णिक कॅमेरे बाजारात आणले.

शीतकरणाविना चालणाऱ्या संवेदकांचा विकास अमेरिकेत लष्करी अर्थसाहाय्याने झाला. हनीवेल कंपनीने व्हॅनेडियम ऑक्साइडवर आधारित सूक्ष्मबोलोमीटर, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने फेरोविद्युत पदार्थावर आधारित संवेदक विकसित केला. १९९२ मध्ये या तंत्रज्ञानावरील गोपनीयतेचे बंधन शिथिल झाल्यानंतर त्याचा नागरी क्षेत्रात प्रसार होऊ लागला. फ्रान्समध्ये अस्फटिकी सिलिकॉनचा वापर करून समांतर मार्ग शोधला गेला. पुढील काळात अनेक देशांत उत्पादन सुरू झाल्याने किमती कमी झाल्या आणि हातात धरता येण्याजोग्या दुर्बिणी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्या.

## संवेदकाची रचना

औष्णिक संवेदकांचे शीतित आणि अशीतित असे दोन प्रमुख प्रकार आहेत.

शीतित संवेदकात इंडियम अँटिमनाइडसारखा अर्धसंवाहक वापरतात. तो बहुधा सुमारे ७७ केल्विन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवला जातो. त्यासाठी उपकरणात सूक्ष्म शीतकयंत्र असते. अशा संवेदकाची संवेदनशीलता व वेग दोन्ही उत्कृष्ट असतात, परंतु किंमत, वजन, विजेचा वापर आणि शीतकयंत्राचे मर्यादित आयुष्य यांमुळे तो मुख्यतः लष्करी व वैज्ञानिक उपकरणांत आढळतो.

अशीतित संवेदकात सूक्ष्मबोलोमीटरांची जाळी असते. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक मायक्रोमीटरहून पातळ असा एक पडदा असून तो दोन बारीक पायांवर सिलिकॉनच्या चकतीपासून अधांतरी उचललेला असतो. पडद्यावर व्हॅनेडियम ऑक्साइड किंवा अस्फटिकी सिलिकॉनचा थर असतो. भिंगातून आलेल्या प्रारणाने पडदा तापतो व त्याचा विद्युत रोध बदलतो. व्हॅनेडियम ऑक्साइडच्या बाबतीत हा बदल दर अंशाला सुमारे २ टक्के असतो. पडद्यातील उष्णता हवेमार्फत निघून जाऊ नये म्हणून संपूर्ण जाळी निर्वात आवरणात बंद केलेली असते.

समोरच्या दृश्यात एका अंशाचा फरक असला, तरी पडद्याचे स्वतःचे तापमान शतांश अंशाहूनही कमी बदलते. एवढा सूक्ष्म बदल लाखो पिक्सेलांवर सेकंदाला अनेक वेळा मोजणे हे या संवेदकापुढील मुख्य आव्हान आहे. संवेदकाची पुढील सर्व मापे या आव्हानाशी निगडित आहेत.

## प्रमुख वैशिष्ट्ये

### पिक्सेलसंख्या

संवेदकातील आडव्या व उभ्या पिक्सेलांची संख्या गुणाकाराच्या रूपात लिहितात. २५६ × १९२, ३८४ × २८८, ६४० × ५१२ आणि १२८० × १०२४ या मांडण्या प्रचलित आहेत. ३८४ × २८८ च्या संवेदकात १,१०,५९२, तर ६४० × ५१२ च्या संवेदकात ३,२७,६८० पिक्सेल असतात. सामान्य मोबाइल कॅमेऱ्यातील कोट्यवधी पिक्सेलांच्या तुलनेत ही संख्या फारच लहान आहे. त्यामुळे औष्णिक प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलाला महत्त्व असते.

संवेदकाची पिक्सेलसंख्या आणि पाहण्याच्या पडद्याची पिक्सेलसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेत्रिकेमागील छोट्या पडद्यावर १०२४ × ७६८ इतके पिक्सेल असू शकतात, परंतु संवेदक ३८४ × २८८ चा असल्यास मूळ माहिती तेवढीच राहते. मधले पिक्सेल गणिती पद्धतीने भरले जातात. अशा प्रक्रियेने प्रतिमा डोळ्यांना सुखद वाटते, मात्र संवेदकाने न टिपलेला तपशील तीत येत नाही. माहितीपत्रकात केवळ पडद्याचा आकडा ठळकपणे दिलेला असल्यास संवेदकाचा आकडा स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

### पिक्सेल-अंतर

शेजारच्या दोन पिक्सेलांच्या केंद्रांमधील अंतरास पिक्सेल-अंतर म्हणतात. ते मायक्रोमीटरमध्ये मोजतात. आरंभीच्या सूक्ष्मबोलोमीटरांत ते सुमारे ५० मायक्रोमीटर होते. पुढे ते २५, १७ आणि १२ मायक्रोमीटरपर्यंत उतरले. याहून लहान अंतराचे संवेदकही तयार झाले आहेत.

पिक्सेल-अंतर कमी झाल्याने त्याच भिंगातून दूरच्या वस्तूवर अधिक पिक्सेल पडतात, किंवा तेवढाच तपशील लहान व हलक्या भिंगाने मिळवता येतो. याची किंमतही मोजावी लागते. १७ मायक्रोमीटरच्या पिक्सेलाचे क्षेत्रफळ २८९, तर १२ मायक्रोमीटरच्या पिक्सेलाचे १४४ चौरस मायक्रोमीटर असते. म्हणजे लहान पिक्सेलाला जवळपास निम्मेच प्रारण मिळते. ही उणीव अधिक चांगले औष्णिक विलगीकरण, सुधारलेला विद्युत मंडल व अधिक प्रकाशग्राही भिंग यांनी भरून काढावी लागते.

पिक्सेल किती लहान करता येईल याला प्रकाशाच्या विवर्तनाचीही मर्यादा आहे. १० मायक्रोमीटर तरंगलांबीला एफ-अंक १.० असलेल्या निर्दोष भिंगातूनही बिंदूची प्रतिमा सुमारे २४ मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्याएवढी पसरते. एफ-अंक वाढला की ठिपका त्याच प्रमाणात मोठा होतो. त्यामुळे फार लहान पिक्सेल आणि लहान छिद्राचे भिंग एकत्र आल्यास पिक्सेल वाढूनही तपशील फारसा वाढत नाही.

### तापमान-संवेदनशीलता

संवेदकाला ओळखता येणारा सर्वांत लहान तापमानफरक गोंगाटतुल्य तापमानफरक या राशीने दर्शवतात. माहितीपत्रकात ती एनईटीडी या लघुरूपाने आढळते व तिचे एकक मिलिकेल्विन असते. दृश्यातील जेवढ्या तापमानफरकाने निर्माण होणारा संकेत संवेदकाच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाएवढा असतो, तेवढा फरक म्हणजे हे मूल्य होय. ते जितके लहान तितका संवेदक चांगला. अशीतित संवेदकांसाठी ५०, ४०, २५ मिलिकेल्विनहून कमी अशी मूल्ये दिलेली आढळतात. ४० मिलिकेल्विन म्हणजे एका अंशाचा पंचविसावा भाग.

निरभ्र थंड रात्री प्राण्याचे शरीर व पार्श्वभूमी यांत अनेक अंशांचा फरक असतो, तेव्हा ४० आणि २५ मिलिकेल्विनच्या संवेदकांतील भेद फारसा जाणवत नाही. पाऊस, धुके किंवा दमट हवा यांमुळे सर्व वस्तूंचे तापमान जवळजवळ सारखे झाले की हाच भेद ठळक होतो. अशा वेळी अधिक संवेदनशील संवेदकात झुडपे, बांध, जमिनीचा चढउतार असे पार्श्वभूमीचे तपशील टिकून राहतात.

हे मूल्य वाचताना ते कोणत्या अटींवर मोजले आहे हे पाहावे लागते. मापन सहसा एफ-अंक १.० व २५ किंवा ३० अंश सेल्सिअस पार्श्वभूमी धरून केलेले असते. संवेदकावर पडणारे प्रारण साधारणपणे एफ-अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, एफ-अंक १.० ला ४० मिलिकेल्विन असलेला संवेदक एफ-अंक १.४ च्या भिंगामागे जवळपास ७८ मिलिकेल्विनचा होतो. काही माहितीपत्रकांत केवळ संवेदकाचे, तर काहींत भिंगासह संपूर्ण उपकरणाचे मूल्य असते. काही वेळा गोंगाट कमी करणारी संगणकीय प्रक्रिया केल्यानंतरचा आकडा दिलेला असतो. भिन्न अटींवर मोजलेल्या आकड्यांची परस्परांशी तुलना करणे निरर्थक आहे.

### फ्रेम रेट

एका सेकंदात किती नव्या प्रतिमा मिळतात हे फ्रेम रेटवरून कळते. त्याचे एकक हर्ट्झ आहे. ९, २५, ३० आणि ५० हर्ट्झचे संवेदक सर्वत्र आढळतात. स्थिर भिंत किंवा विजेची पेटी तपासण्यास ९ हर्ट्झ पुरेसे असते. धावणारा प्राणी पाहताना किंवा दुर्बीण वेगाने फिरवताना मात्र प्रतिमा तुटक दिसते.

९ हर्ट्झच्या आकड्यामागे तांत्रिक कारणापेक्षा निर्यात-नियंत्रणाचे कारण अधिक आहे. दुहेरी उपयोगाच्या वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेच्या यादीत या मर्यादेपर्यंतच्या अशीतित कॅमेऱ्यांना सवलत आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला.

सूक्ष्मबोलोमीटरचा पडदा तापण्यास व निवण्यास सुमारे १० मिलिसेकंद इतका काळ लागतो. त्यामुळे फ्रेम रेट कितीही वाढवला, तरी वेगवान वस्तूच्या मागे धूसर शेपटी राहू शकते.

### एकसमानता आणि दुरुस्ती

लाखो पिक्सेल तंतोतंत सारखे बनवणे अशक्य असते. शिवाय संवेदकाचे स्वतःचे तापमान बदलले की प्रत्येक पिक्सेलाचे मूल्य वेगवेगळ्या प्रमाणात सरकते आणि प्रतिमेवर उभ्या-आडव्या रेषांची जाळी उमटते. ती घालवण्यासाठी उपकरण मधूनमधून संवेदकापुढे एक शटर क्षणभर आणते आणि सर्व पिक्सेलांना समान तापमानाचा पृष्ठभाग दाखवून त्यांची मूल्ये जुळवून घेते. या वेळी हलकासा टक् असा आवाज येतो आणि प्रतिमा क्षणभर गोठते. काही उपकरणांत ही दुरुस्ती वापरकर्त्याच्या इच्छेनुसार किंवा शटरविना केवळ गणनेने करता येते. निकामी पिक्सेलांची जागा शेजारच्या पिक्सेलांच्या मूल्यांनी भरली जाते.

## भिंगाशी असलेला संबंध

साधी काच ८ ते १४ मायक्रोमीटरच्या प्रारणाला अपारदर्शक असते. म्हणून औष्णिक दुर्बिणीचे वस्तुभिंग बहुधा जर्मेनियमचे असते. जर्मेनियमचा अपवर्तनांक सुमारे ४ असल्याने लेपनाविना त्याच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ३६ टक्के प्रारण परावर्तित होते. त्यासाठी परावर्तनरोधी लेप अनिवार्य असतो. काही उपकरणांत झिंक सेलेनाइड किंवा कॅल्कोजनाइड काचेचाही उपयोग करतात. भिंगाचा व्यास वाढला की जर्मेनियमची किंमत व वजन झपाट्याने वाढते. उपकरण स्वस्त करण्यासाठी एफ-अंक वाढवण्याचा मोह यातूनच निर्माण होतो.

एका पिक्सेलाने व्यापलेला कोन काढण्यासाठी पिक्सेल-अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागतात. दृष्टिक्षेत्राची रुंदी काढण्यासाठी या कोनाला आडव्या पिक्सेलसंख्येने गुणतात. काही प्रातिनिधिक जोड्यांसाठी येणारी मूल्ये खालील तक्त्यात दिली आहेत.

| संवेदक | पिक्सेल-अंतर (मायक्रोमीटर) | नाभीय अंतर (मिलिमीटर) | आडवे दृष्टिक्षेत्र (अंश) | १०० मीटरवरील रुंदी (मीटर) | १०० मीटरवर एका पिक्सेलाची व्याप्ती (सेंटिमीटर) |
|---|---|---|---|---|---|
| ३८४ × २८८ | १७ | ३५ | १०.७ | १८.७ | ४.९ |
| ३८४ × २८८ | १२ | ३५ | ७.५ | १३.२ | ३.४ |
| ६४० × ५१२ | १२ | २५ | १७.५ | ३०.७ | ४.८ |
| ६४० × ५१२ | १२ | ३५ | १२.५ | २१.९ | ३.४ |
| ६४० × ५१२ | १२ | ५० | ८.८ | १५.४ | २.४ |

या तक्त्यातून एक सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट स्पष्ट होते. पिक्सेल-अंतर व भिंग समान असताना ३८४ आणि ६४० पिक्सेलांच्या संवेदकांत दूरच्या प्राण्यावर पडणाऱ्या पिक्सेलांची संख्या एकच असते. मोठ्या संवेदकामुळे परिसर अधिक रुंद दिसतो, तो प्राणी अधिक तपशिलात दिसत नाही. मोठ्या संवेदकाचा खरा लाभ असा की रुंद दृष्टिक्षेत्र न गमावता अधिक नाभीय अंतराचे भिंग वापरता येते.

मूळ वर्धनाच्या आकड्यानेही असाच गैरसमज होतो. लहान संवेदकाची प्रतिमा तेवढ्याच पडद्यावर ताणून दाखवल्यामुळे त्याचे मूळ वर्धन अधिक भरते, परंतु त्यामुळे तपशील वाढत नाही. डिजिटल झूमचेही तसेच आहे. ६४० × ५१२ च्या संवेदकावर चौपट झूम केल्यास प्रतिमा केवळ १६० × १२८ पिक्सेलांतून घडवलेली असते.

## शोध आणि ओळख: जॉन्सनचे निकष

माहितीपत्रकातील शोधपल्ल्याचे मोठे आकडे बहुधा जॉन्सनच्या निकषांवर आधारलेले असतात. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये ते मांडले. वस्तूच्या निर्णायक परिमाणावर किती रेषाजोड्या बसतात यावरून निरीक्षकाला काय कळू शकते, हे त्यांनी प्रयोगांनी ठरवले. एका रेषाजोडीसाठी किमान दोन पिक्सेल लागतात. त्यांतील तीन पायऱ्या अधिक वापरल्या जातात.

* शोध: तेथे काहीतरी आहे एवढे कळणे. यासाठी सुमारे १ रेषाजोडी, म्हणजे २ पिक्सेल लागतात.
* वर्गबोध: वस्तू कोणत्या वर्गातील आहे, उदाहरणार्थ मनुष्य की वाहन, हे कळणे. यासाठी सुमारे ४ रेषाजोड्या, म्हणजे ८ पिक्सेल लागतात.
* ओळख: त्या वर्गातील नेमकी वस्तू कोणती हे कळणे. यासाठी सुमारे ६.४ रेषाजोड्या, म्हणजे जवळपास १३ पिक्सेल लागतात.

१२ मायक्रोमीटर पिक्सेल-अंतर व ३५ मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीतून मनुष्य पाहिला आणि त्याचे निर्णायक परिमाण ०.७५ मीटर धरले, तर शोधाचा पल्ला सुमारे १,०९० मीटर येतो. वर्गबोधाचा पल्ला सुमारे २७० मीटर, तर ओळखीचा पल्ला केवळ १७० मीटर भरतो. एकाच उपकरणासाठी ही तिन्ही विधाने खरी आहेत, परंतु जाहिरातीत बहुधा पहिलीच ठळक असते. काही माहितीपत्रकांत मनुष्याऐवजी २.३ मीटर आकाराचे वाहन लक्ष्य धरलेले असते. तेव्हा आकडा तिपटीहून मोठा होतो.

हे पल्लेही आदर्श स्थितीतील असून त्यांत यशाची शक्यता ५० टक्केच गृहीत धरलेली असते. म्हणजे दर दोन निरीक्षणांपैकी एकात निर्णय चुकू शकतो. वातावरणाचे शोषण, भिंगाचे दोष आणि अपुरा तापमानफरक यांचा विचार या साध्या गणनेत नसतो. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळांनी पुढे अधिक अचूक प्रारूपे विकसित केली, तरी सर्वसामान्य माहितीपत्रकांत जॉन्सनचे निकषच रूढ आहेत.

ओळखीच्या मर्यादेचा परिणाम गंभीर असू शकतो. औष्णिक प्रतिमेत कपड्यांचा रंग दिसत नाही, आणि प्राण्याच्या अंगावरील पट्टे किंवा ठिपके रात्री सहसा उमटत नाहीत. गवतात वाकून बसलेला मनुष्य, वासरू आणि रानडुक्कर हे दूर अंतरावर सारख्याच पांढऱ्या डागासारखे दिसू शकतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात खासगी जमिनीवर रानडुकरांची रात्री शिकार करणे वैध आहे व तेथे अशा दुर्बिणी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. न्यूझीलंडच्या शस्त्रसुरक्षेच्या नियमांत लक्ष्याची निःसंशय ओळख पटल्याशिवाय गोळी न झाडण्याचा स्वतंत्र नियम आहे. उपकरणाचा उपयुक्त पल्ला म्हणून शोधाचा नव्हे, तर ओळखीचा पल्ला धरणे हेच या नियमाशी सुसंगत ठरते.

## मर्यादा

औष्णिक दुर्बीण केवळ पृष्ठभागाचे प्रारण टिपते. ती भिंतीपलीकडचे किंवा खिडकीच्या काचेपलीकडचे दाखवू शकत नाही. काचेत तिला काचेचे स्वतःचे तापमान आणि समोरचे प्रतिबिंब दिसते. दाट पर्णसंभारामागील प्राणीही झाकला जातो, मात्र पानांच्या फटींतून येणाऱ्या प्रारणामुळे त्याची चाहूल लागू शकते.

दाट धुक्यातील जलबिंदूंचा आकार १० मायक्रोमीटरच्या आसपास असू शकतो. असे बिंदू अवरक्त प्रारणही विखुरतात व पल्ला झपाट्याने कमी होतो. हवेतील बाष्पामुळेही शोषण वाढते. म्हणून कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात मिळणारा पल्ला कोरड्या, थंड प्रदेशातील पल्ल्यापेक्षा कमी असतो. उष्ण प्रदेशात अडचण वेगळी असते. विदर्भात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. तापलेले खडक व माती सूर्यास्तानंतरही बराच काळ प्राण्यांच्या शरीराइतकी किंवा त्याहून अधिक उष्ण राहतात, त्यामुळे प्राणी पार्श्वभूमीत मिसळून जातो. पहाटेपूर्वीच्या तासांत जमीन निवालेली असल्याने प्रतिमा अधिक स्पष्ट मिळते. सकाळी व संध्याकाळी तापमानाचा क्रम उलटताना काही काळ वस्तू व पार्श्वभूमी यांचे तापमान समान होते, तेव्हा उत्तम संवेदकही निष्प्रभ ठरतो.

## निवडीतील क्रम

वरील संबंध लक्षात घेता माहितीपत्रक वाचण्याचा तर्कशुद्ध क्रम उपयोगापासून सुरू होतो.

* प्रथम कोणत्या आकाराची वस्तू किती अंतरावर ओळखायची आहे हे निश्चित करावे लागते.
* ओळखीसाठी लागणाऱ्या १३ पिक्सेलांवरून प्रत्येक पिक्सेलाने किती लांबी व्यापली पाहिजे हे निघते. त्यातून पिक्सेल-अंतर व नाभीय अंतर यांची जोडी ठरते.
* आवश्यक दृष्टिक्षेत्रावरून पिक्सेलसंख्या ठरते. दाट जंगलात किंवा ढिगाऱ्यात शोध घेण्यासाठी रुंद, तर मोकळ्या माळरानावर अरुंद दृष्टिक्षेत्र सोयीचे असते.
* त्यानंतर एफ-अंक आणि त्या एफ-अंकाला मोजलेले एनईटीडी मूल्य पाहिले जाते. दमट हवामानात या मूल्याला अधिक महत्त्व येते.
* हलत्या वस्तू पाहायच्या असल्यास किमान २५ हर्ट्झ फ्रेम रेट इष्ट ठरतो.
* डिजिटल झूम, पडद्याची पिक्सेलसंख्या आणि शोधपल्ला हे आकडे सर्वांत शेवटी विचारात घेतले जातात.

## उपयोग आणि भारतातील स्थिती

औष्णिक प्रतिमाग्रहणाचा उपयोग धुराने भरलेल्या इमारतीत अडकलेल्या व्यक्ती शोधण्यासाठी अग्निशमन दले, सैल जोडणीमुळे तापलेले भाग शोधण्यासाठी वीज कंपन्या, तसेच निशाचर प्राण्यांची गणना करण्यासाठी वन्यजीव अभ्यासक करतात. प्रकाशझोताने प्राणी बिथरतात, तसे औष्णिक दुर्बिणीने होत नाही, कारण ती स्वतः कोणतेही प्रारण सोडत नाही.

भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची देहरादून येथील उपकरण संशोधन व विकास आस्थापना औष्णिक दृष्टियंत्रांच्या विकासाचे काम करते. भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडच्या आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणम येथील कारखान्यात रात्रदर्शक उपकरणे तयार होतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे भारतातील नागरी वापर मुख्यतः निरीक्षण, संरक्षण, तपासणी आणि बचावकार्य यांपुरता आहे. या कामांतही मापांचे आकलन तितकेच आवश्यक आहे. मानवी वस्तीजवळ रात्री दिसलेला उष्ण डाग कुत्र्याचा आहे की बिबट्याचा, किंवा पुरात अडकलेला जीव माणसाचा आहे की गुराचा, याचा निर्णय त्या डागावर किती पिक्सेल पडले आहेत यावर अवलंबून असतो.

## हे सुद्धा पहा

* अवरक्त प्रारण
* बोलोमीटर
* कृष्ण पदार्थ
* विल्यम हर्शेल
* जर्मेनियम